शलमोनाची देवडी आणि बायबलमधल्या खांबांच्या रांगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यरुशलेमच्या मंदिराबद्दल बोलायला बसलं की गाडी कराराचा कोश, वेदी आणि परमपवित्रस्थान एवढ्यावरच थांबते. भोवतालच्या खांबांच्या रांगांकडे कोणी फारसं बघत नाही. माझं मत उलट आहे. आतल्या खोलीत याजकांखेरीज कोणाला पाऊल टाकता येत नव्हतं आणि परमपवित्रस्थानात तर प्रमुख याजकही वर्षातल्या एकाच दिवशी जायचा. बाकीच्यांचं शिकणं, वाद घालणं, नवस फेडायला आल्यावर घटकाभर टेकणं, हे सगळं बाहेरच्या छपराखाली चालायचं. अभ्यासवर्गांत आणि पत्रांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

स्तंभावली म्हणजे नक्की काय?

ओळीनं उभे केलेले खांब आणि त्यांच्यावर छत. बहुधा एका अंगाला भिंत असते आणि दुसरं अंग अंगणाकडे उघडं असतं. आपल्याकडे जेजुरीला किंवा तुळजापूरला देवळाच्या आवाराला लागून ओवऱ्या असतात, तशी ही रचना. फरक इतकाच की यरुशलेमला त्यांच्या खोल्या पाडलेल्या नव्हत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग चालत जाता यायचं. मराठी बायबल वाचणाऱ्यांना ‘शलमोनाची देवडी’ हे नाव ओळखीचं असेल. पुढे मी देवडी, पडवी आणि स्तंभावली हे शब्द अदलून-बदलून वापरले आहेत.

मापांबद्दल एक सूचना: बायबलमधला ‘हात’ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर, साधारण ४५ सेंटिमीटर. राजमापाचा हात थोडा मोठा असायचा, त्यामुळे मीटरमधले सगळे आकडे ‘सुमारे’ धरूनच वाचावेत.

निवासमंडपालाही खांब होते. ती स्तंभावलीच म्हणायची का?

निवासमंडप म्हणजे मंदिराच्या आधीचा, उचलून नेता येणारा उपासनेचा तंबू. त्याच्या अंगणाच्या खांबांना बांधकामाच्या भाषेत स्तंभावली म्हणता येणार नाही, कारण त्यांच्यावर छत नव्हतं. निर्गमच्या २७व्या अध्यायात अंगणाचा हिशेब दिला आहे: लांबी १०० हात, रुंदी ५० हात, दक्षिणेला आणि उत्तरेला २०-२० खांब, पश्चिमेला आणि पूर्वेला १०-१०. खाली पितळी बैठका, वर रुप्याच्या आकड्या आणि त्यांना अडकवलेल्या तलम सणाच्या कनाती. कनातीची उंची ५ हात, म्हणजे उभ्या माणसाला पलीकडचं दिसणार नाही इतकी. मुक्काम हलला की सगळं उपटून, गुंडाळून पुढे न्यायचं.

तरी एक धागा इथपासूनच दिसतो. खांबांची रांग आतलं आणि बाहेरचं वेगळं करते, पण दगडी भिंतीसारखं कायमचं तोडत नाही. पुढच्या मंदिरांत खांब दगडाचे झाले, त्यांच्यावर छप्पर चढलं, आणि ही सीमारेषाच माणसं बसण्या-उठण्याची जागा बनली.

याखीन आणि बवाज हे दोन खांब छत पेलत होते का?

हे शलमोन राजाच्या मंदिराच्या तोंडाशी उभे केलेले दोन पितळी खांब. ते छत पेलत होते का, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. १ राजे ७ मधलं वर्णन मात्र बारकाईनं केलेलं आहे. प्रत्येक खांब १८ हात उंच, घेर १२ हात, वर ५ हातांचा कळस, कळसावर जाळीकाम, साखळ्या आणि डाळिंबांच्या रांगा. कारागीर सोरचा हिराम. पितळेचं ओतकाम यरुशलेमात झालं नाही. यार्देनेच्या मैदानात सुक्कोथ आणि सारतान यांच्या दरम्यान चिकणमातीच्या साच्यांत ते केलं गेलं. यिर्मया ५२ सांगतो की खांब आतून पोकळ होते आणि पत्र्याची जाडी चार बोटं. २ इतिहासात उंची ३५ हात दिली आहे. ती दोन्ही खांबांची मिळून असावी, असं काही जण म्हणतात. मला ते स्पष्टीकरण ओढूनताणून आणलेलं वाटतं.

मजकुरात खांब ‘देवडीपाशी उभे केले’ एवढंच म्हटलं आहे, वर तुळई टेकली होती असं नाही. म्हणून ते सुटे उभे असावेत, असं बरेच जण मानतात. दुसरीकडे उत्तर सीरियातल्या ऐन दारा आणि आजच्या तुर्कस्तानातल्या तेल तायिनात इथल्या मंदिरांच्या दर्शनी देवडीत दोन-दोन खांब होते, आणि ते छताखालचे धरले जातात. ती मंदिरं साधारण त्याच युगातली आणि आराखडाही जवळचा: देवडी, मधली खोली, आतली खोली. म्हणजे मंदिराच्या तोंडाशी खांबांची जोडी उभी करणं ही त्या मुलखाची रीतच होती. ऐन दाराच्या अवशेषांची २०१८ च्या हवाई हल्ल्यात मोठी हानी झाली.

मग त्या खांबांचा उपासनेत उपयोग काय होता?

राजा खांबाजवळ उभा राहायचा. २ राजे ११ मध्ये सात वर्षांच्या योवाशाला मंदिरात राज्याभिषेक होतो. आरडाओरड ऐकून गादी बळकावलेली राणी अथल्या आत येते आणि बघते तर रिवाजाप्रमाणे राजा खांबापाशी उभा! ती वस्त्रं फाडते आणि ‘फितुरी, फितुरी’ म्हणून ओरडते. जागा बघूनच तिला काय झालं ते कळलं, कोणी सांगावं लागलं नाही. पुढे २ राजे २३ मध्ये योशीया राजाही खांबाजवळ उभा राहूनच लोकांसमोर कराराचं पुनरुज्जीवन करतो.

या खांबांचा शेवट बाबेलच्या सैन्यानं केला. इ.स.पू. ५८७-५८६ च्या सुमारास मंदिर पडलं तेव्हा खांब फोडून त्यांचं पितळ वाहून नेलं. लुटीच्या यादीत बाकी भांडीकुंडी भराभर उरकली आहेत, पण या दोन खांबांपाशी आल्यावर लेखक पुन्हा एकदा उंची, कळस, जाळी, डाळिंबं सगळं सांगत बसतो.

शलमोनाच्या राजवाड्यातही खांबांची दालनं होती ना?

होती, आणि ती मंदिरापेक्षा मोठी होती. ‘लबानोन-वनगृह’ १०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच. मंदिर स्वतः ६० हात लांब आणि २० हात रुंद, त्यावरून अंदाज घ्या. आत गंधसरूच्या खांबांच्या रांगा. इब्री पाठात रांगा चार आहेत, जुन्या ग्रीक भाषांतरात तीन. वरच्या तुळया ४५ आणि एका रांगेत १५ असं पुढेच लिहिलंय, म्हणून हिशेब तीनशी नीट जुळतो. नाव वनगृह असलं तरी वापर कोठारासारखा दिसतो: सोन्याच्या ३०० ढाली तिथे ठेवल्या होत्या. त्याशिवाय ५० हात बाय ३० हातांचा खांबांचा मंडप आणि न्यायनिवाड्याचा मंडप वेगळा.

इस्राएली आणि यहूदी राजवाड्यांच्या खांबांवर बसणारे, दोन्ही बाजूंना वळणाऱ्या वेलींसारखे दगडी कळस मगिद्दो, शोमरोन, रामत राहेल अशा ठिकाणी सापडले आहेत. २०२० मध्ये यरुशलेमच्या दक्षिणेला आर्मोन हानात्सीव इथे तसे तीन कळस उजेडात आले. इस्राएलच्या ५ शेकेलच्या नाण्यावर हाच कळस आहे.

शमशोनानं दोन खांब ढकलून अख्खं मंदिर पाडलं. हे शक्य आहे का?

चमत्कार बाजूला ठेवून फक्त बांधकामाचं बोलायचं तर आराखडा खरा वाटावा असा आहे. आजच्या तेल अवीवमध्ये तेल कसीले इथे पलिष्ट्यांचं, म्हणजे शमशोनाच्या शत्रूंचं, मंदिर सापडलं. त्याच्या मुख्य दालनाचं छत मधल्या दोन लाकडी खांबांवर होतं, आणि त्यांच्यातलं अंतर जेमतेम दोन मीटरच्या आसपास. मात्र ते मंदिर लहान आहे. शास्ते १६ मधले छतावरचे तीन हजार प्रेक्षक तिथे मावणार नाहीत.

‘शलमोनाची देवडी’ खरंच शलमोनानं बांधली होती?

नाही म्हणणंच योग्य. शलमोनाचं मंदिर बाबेलच्या सैन्यानं पाडलं, परत आलेल्यांनी दुसरं उभारलं, आणि इ.स.पू. २०-१९ च्या सुमारास हेरोद राजानं त्याचा कायापालट सुरू केला. नव्या करारात जी देवडी येते ती या तिसऱ्या टप्प्यातल्या मंदिराच्या आवारातली, पूर्वेकडची.

पण नाव हवेतून आलेलं नाही. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो की पूर्वेची स्तंभावली शलमोनाचीच, असं लोक मानत. तिच्या पायाची भिंत ४०० हात लांब होती, आणि तिच्यातले पांढरे चिरे २०-२० हात लांब नि ६ हात उंच. हेरोदानं आवार उत्तर, पश्चिम आणि दक्षिण दिशांना वाढवलं, पूर्वेला मात्र किद्रोन दरीच्या उतारामुळे जुनीच ओळ ठेवली. आजही पूर्वेच्या तटात आग्नेय कोपऱ्यापासून ३२ मीटरवर उभा सांधा डोळ्यांनी दिसतो. सांध्याच्या दक्षिणेला हेरोदाचे कडा तासलेले गुळगुळीत चिरे, उत्तरेला त्याच्याआधीचे खडबडीत, फुगीर तोंडाचे. म्हणजे पूर्वेची बाजू सगळ्यांत जुनी होती हे लोकांचं म्हणणं बरोबर होतं, फक्त शलमोनापर्यंत जाण्याइतकं नाही.

योसेफसनं याच देवडीची एक गोष्ट दिली आहे, जी मला फार आवडते. इ.स. ६० नंतरच्या वर्षांत मंदिराचं काम अखेर संपलं आणि १८ हजारांहून जास्त मजूर एकदम बेकार झाले. लोकांनी अग्रिप्पा राजाला गळ घातली की पूर्वेची देवडी पाडून नवी बांधायला घे, म्हणजे हातांना काम मिळेल. मंदिराच्या खजिन्यात पैसा पडून राहिला तर रोमन तो उचलतील, ही धास्तीही होतीच. राजा म्हणाला, पाडणं सोपं, बांधणं अवघड. त्यापेक्षा शहरात पांढऱ्या दगडाची फरसबंदी करा. देवडी वाचली आणि रस्त्यांची कामं निघाली.

हेरोदाच्या स्तंभावल्या किती मोठ्या होत्या?

आवार साधारण १ लाख ४४ हजार चौरस मीटर, म्हणजे ३५ एकरांच्या वर. त्याच्या चारही बाजूंना पडव्या. योसेफसच्या म्हणण्याप्रमाणे त्या दुहेरी होत्या: खांबांच्या दोन रांगा, प्रत्येक खांब २५ हात उंच आणि एकाच पांढऱ्या दगडातून काढलेला, रुंदी ३० हात, वर गंधसरूच्या लाकडाचं छत. गाभा दीड वर्षात आणि पडव्यांसह आवार आठ वर्षांत झालं, असं तो सांगतो. किरकोळ कामं मात्र पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालूच राहिली. योहान २:२० मध्ये यहुदी म्हणतात की मंदिर बांधायला ४६ वर्षं लागली, ते याचंच.

दक्षिणेची ‘राजस्तंभावली’ तर वेगळंच प्रकरण. तिथे १६२ खांब, चार रांगांत. चौथी रांग भिंतीतच बसवलेली. तीन माणसांनी हात पसरून एकमेकांना धरलं तर एका खांबाला वेढा पडायचा. माथ्यावर पानांच्या कोरीवकामाचे कोरिंथी कळस. रांगांमध्ये तीन लांब दालनं. कडेची दोन ३०-३० फूट रुंद, मधलं त्यांच्या दीडपट रुंद आणि दुप्पट उंच, लांबी एक स्तादिया, म्हणजे सुमारे १८५ मीटर. छतावर उभं राहून खालच्या दरीत बघितलं तर भोवळ येते आणि नजर तळापर्यंत पोचत नाही, असं त्यानं लिहिलंय. योसेफसला आकडे फुगवायची खोड होती हे खरं, पण दक्षिणेच्या तटाची उंची बघितली की भोवळीवर विश्वास बसतो.

ही तर ग्रीक-रोमन पद्धत. यहुद्यांना मंदिरात ती चालली कशी?

मूर्ती नव्हती म्हणून चालली, हे छोटं उत्तर. हेरोदानं मंदिराच्या दारावर सोन्याचा गरुड लावला तेव्हा तरुणांनी तो कुऱ्हाडीनं तोडून टाकला आणि त्यापायी जीव गमावला. खांबांवरून मात्र तसं काही झाल्याचं योसेफस सांगत नाही. पानं, फुलं, द्राक्षवेल आणि भौमितिक नक्षी यांना धर्मशास्त्राची आडकाठी नव्हती.

शिवाय ही रचना तोपर्यंत सगळ्या पूर्व भूमध्य प्रदेशाची झाली होती. अथेन्समध्ये झेनो एका चित्रं रंगवलेल्या स्तंभावलीत शिकवायचा, त्यावरूनच त्याच्या पंथाला स्तोइक नाव पडलं, आणि प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये पौलाची गाठ त्याच पंथाच्या लोकांशी पडते. सीरियातल्या अंत्युखियाच्या मुख्य रस्त्याला हेरोदानंच फरसबंदी आणि पावसापासून आडोसा म्हणून स्तंभावली करून दिली होती. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा मिळालं ते याच शहरात.

या पडव्यांमध्ये लोक दिवसभर करायचे काय?

पहिलं म्हणजे सावली आणि आडोसा. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या वर आहे. उन्हाळ्यात पांढऱ्या दगडाचं अंगण तापून डोळे दिपवतं, आणि हिवाळ्यात पावसाबरोबर बोचरा वारा असतो. वल्हांडणाला दूरदूरहून आलेली माणसं यज्ञाची वेळ होईपर्यंत थांबणार कुठे?

दुसरं शिक्षण. बारा वर्षांचा येशू हरवतो आणि तीन दिवसांनी मंदिरात गुरूंच्या मधोमध बसून प्रश्न विचारताना सापडतो, ही लूक २ मधली गोष्ट. रब्बी योहानान बेन जक्काई मंदिराच्या सावलीत बसून दिवसभर शिकवायचे, अशी तालमूद या यहुदी गुरूंच्या शिकवणीच्या ग्रंथात आठवण आहे. गुरू बसलेला, ऐकणारे भोवती, आणि जाणारा-येणाराही दोन क्षण थांबून मधेच प्रश्न टाकणार. शुभवर्तमानांमधले मंदिरातले वाद वाचताना हे चित्र समोर ठेवलं की संवादांची लय कळते. तिथे कोणी एकटा व्यासपीठावरून भाषण करत नाही, सगळे एकमेकांचं बोलणं तोडतात.

तिसरं न्यायनिवाडा. इ.स. ७० मध्ये हेरोदाचं मंदिर पडण्याच्या चाळीस वर्षं आधी न्यायसभा आपल्या जुन्या दालनातून उठून ‘दुकानां’मध्ये आली, असं तालमूद सांगतं. ही दुकानं राजस्तंभावलीत किंवा तिच्या आसपास होती, असं काही अभ्यासक मानतात.

आणि या सगळ्यावर पहारा. सणाच्या दिवसांत रोमन शिपाई पडव्यांच्या छतावर शस्त्रं घेऊन उभे असायचे. कुमानस सुभेदार असताना वल्हांडणाच्या गर्दीसमोर त्यांच्यातल्या एकानं वर उभं राहून पार्श्वभाग दाखवला आणि अचकट आवाज केला. दगडफेक झाली, जादा फौज आली, आणि अरुंद वाटांमध्ये हजारो माणसं चेंगरून मेली. खाली प्रार्थना, डोक्यावर परक्यांचे भाले: पहिल्या शतकातली यरुशलेमची कोंडी समजायला ही एक घटना पुरेशी आहे.

सराफांचे पाट आणि कबुतरं विकणारे नेमके कुठे बसायचे?

बाहेरच्या आवारात, हे नक्की. राजस्तंभावलीत, असं बहुतेक पुस्तकं म्हणतात, आणि ते संभवनीय आहे. प्रत्येक यहुदी पुरुषाला वर्षाला अर्धा शेकेल मंदिरकर द्यावा लागे, आणि तो सोरच्या चांदीच्या नाण्यातच घेतला जाई. अदार महिन्याच्या १५ तारखेला गावोगावी आणि २५ तारखेला मंदिरात सराफांचे पाट मांडले जात, असं मिशना या यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात लिहिलंय.

मार्क ११:१६ मधली एक ओळ सहसा वाचनातून निसटते: येशूनं कोणालाही मंदिरातून भांडं-बिंडं घेऊन जाऊ दिलं नाही. म्हणजे लोक या भल्यामोठ्या आवारातून सरळ आडवाट काढत होते. मिशनाही नेमकं हेच बजावतं की मंदिराच्या डोंगराची आडवाट करू नये. नियम लिहून ठेवावा लागला म्हणजे तो रोज मोडला जात असणार!

परराष्ट्रीयांना तिथे जाता येत होतं का?

पडव्यांत आणि बाहेरच्या अंगणात, हो. त्यापुढे तीन हात उंचीचा दगडी कठडा होता आणि त्यावर ग्रीक आणि लॅटिन पाट्या: कोणाही परक्यानं आत येऊ नये, पकडला गेला तर येणाऱ्या मरणाला तो स्वतःच जबाबदार. १८७१ मध्ये क्लेर्माँ-गानो या फ्रेंच संशोधकाला यातली एक ग्रीक पाटी अखंड सापडली. ती आज इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये पौलावर जमाव तुटून पडतो तो याच आरोपावरून, की त्यानं इफिसच्या त्रफिमाला आत नेलं. म्हणून मंदिराच्या आवारात यहुदी आणि परराष्ट्रीय एकाच छपराखाली उभे राहू शकतील अशी जागा होती ती पडव्यांचीच.

येशू शलमोनाच्या देवडीत का फिरत होता?

योहान १०:२२-२३ कारण जवळजवळ सांगूनच टाकतो: हिवाळा होता. सण मंदिराच्या पुनःस्थापनेचा, म्हणजे हनुक्का, तो डिसेंबरच्या आसपास येतो. देवडीच्या पाठीशी बंद भिंत आणि डोक्यावर छप्पर.

सणाला मात्र वेगळं वजन आहे. इ.स.पू. १६४ मध्ये मक्काबी या यहुदी बंडखोरांनी विटाळलेलं मंदिर शुद्ध केलं, त्याची ही आठवण. त्या दिवसांत लोकांच्या मनात स्वातंत्र्य आणि मुक्तिदाता हेच घोळत असणार. म्हणूनच लोक त्याला घेरून विचारतात की तू ख्रिस्त असशील तर उघड सांग. थोड्याच वेळात त्यांच्या हातात धोंडे येतात.

यात एक मराठी धागाही आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजात पूर्वी हनुक्का पाळला जात नसे. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं ते या सणाच्या आधीच्या काळात, म्हणून सण त्यांना ठाऊकच नव्हता. इतिहासकार या तारखेबद्दल साशंक आहेत, पण समाजात हेच कारण सांगितलं जातं.

पहिली मंडळी नेमकी तिथेच का जमायची?

कारण त्यांना मंदिर सोडायचंच नव्हतं. प्रेषितांची कृत्ये ३ मध्ये पेत्र आणि योहान तिसऱ्या प्रहरच्या प्रार्थनेला निघालेले असतात. ‘सुंदर’ दरवाजापाशी बसलेला जन्मपांगळा बरा होतो, दोघांना बिलगतो, आणि लोक धावत शलमोनाच्या देवडीत गोळा होतात. पेत्राचं तिथलं भाषण ठरवून केलेलं नाही, जमलेल्या गर्दीसमोर केलेलं आहे. पाचव्या अध्यायापर्यंत देवडी हा त्यांचा नेहमीचा अड्डा झालेला दिसतो.

व्यावहारिक बाजूही बघा. भाकर मोडायला घरं होती, पण शेकडो माणसं मावतील असं घर कोणाकडे असणार? देवडीला भाडं नव्हतं, परवानगी लागत नव्हती, आणि नवा ऐकणारा आपल्या पायानं चालत यायचा. हीच जागा येशूवर धोंडे उचलले गेले ती, हे योहानाचं शुभवर्तमान वाचणाऱ्याच्या लक्षात येतंच. मंडळीनं ती मुद्दाम निवडली असं मात्र मजकुरात कुठे म्हटलेलं नाही.

बेथेस्दाच्या तळ्याला पाच पडव्या कशा? चौकोनाला तर चार बाजू.

ही शंका फार जुनी आहे. संत ऑगस्टीननं पाच पडव्या म्हणजे मोशेची पाच पुस्तकं असा अर्थ लावला होता. पण चौथ्या शतकातच यरुशलेमच्या सिरिलनं सरळ सांगितलं होतं: चार बाजूंना चार आणि मधोमध एक. संत अन्नाच्या चर्चजवळच्या उत्खननात दोन मोठी तळी आणि त्यांच्यामधला रुंद बांध सापडला, तेव्हा सिरिलचं म्हणणं जागेशी बसलं. अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस पडला होता तो अशाच एका पडवीत, आंधळ्या-लंगड्यांच्या गर्दीत. श्रीमंती मिरवणाऱ्या खांबांखाली निराधारांनी पथाऱ्या पसरायच्या, हे तिथे नेहमीचंच असावं.

या स्तंभावल्यांचं शेवटी काय झालं?

त्या जळाल्या, आणि एकदाच नव्हे. दगडी खांबांवरचं छत लाकडी होतं, हाच त्यांचा कच्चा दुवा.

इ.स.पू. ४ मध्ये हेरोद मेल्यावर सबिनस नावाच्या रोमन अधिकाऱ्याच्या सैन्याशी पन्नासाव्या दिवसाच्या सणाला चकमक झाली. यहुदी पडव्यांच्या छतावर चढून दगड मारू लागले. रोमनांनी खालून आग लावली. लाकडात डांबर होतं आणि सोन्याचा मुलामा मेणावर चढवलेला होता, त्यामुळे छत क्षणात पेटलं. इ.स. ६६ मध्ये बंडखोरांनीच शेजारच्या, रोमन फौजेच्या अंतोनिया किल्ल्याला जोडणारा पडवीचा भाग तोडला, म्हणजे रोमनांना थेट आत उतरता येऊ नये.

इ.स. ७० च्या वेढ्यात यहुद्यांनी पश्चिमेच्या पडवीच्या माळ्यात वाळकी लाकडं, राळ आणि डांबर भरलं आणि थकल्याचं सोंग करून माघार घेतली. रोमन शिड्या लावून वर चढले आणि आगीत सापडले. पुढे मंदिर पेटल्यावर बाहेरच्या अंगणातली एक पडवी शिल्लक होती. तिच्यावर सुमारे सहा हजार माणसं आश्रयाला होती, बहुतेक बायका आणि मुलं. देव आज सुटकेचं चिन्ह दाखवील, असं कोणा खोट्या संदेष्ट्यानं त्यांना सांगितलं होतं. शिपायांनी खालून आग लावली. एकही वाचला नाही, असं योसेफस लिहितो.

मंदिर गेल्यावर खांबांची परंपरा संपली का?

उलट पसरली. सभास्थानांत ती आधीपासूनच होती. गोलान टेकड्यांवरच्या गामला इथलं सभास्थान इ.स. ६७ मध्ये रोमनांनी गाव घेतलं तेव्हा बंद पडलं. त्यात चारी बाजूंना दगडी बाकं आणि त्यांच्यापुढे खांबांच्या रांगा आहेत. कफर्णहूमचं पांढऱ्या चुनखडीचं खांबांचं सभास्थान मात्र चौथ्या-पाचव्या शतकातलं. येशूच्या काळातलं समजून लोक तिथे फोटो काढतात, पण त्या काळाशी नातं असेल तर ते खालच्या काळ्या दगडाच्या पायाशी.

सगळ्यांत रंगतदार वर्णन आलेक्सांद्रियाच्या दुहेरी स्तंभावलीच्या सभास्थानाचं. ते ज्यानं पाहिलं नाही त्यानं इस्राएलचं वैभवच पाहिलं नाही, असं रब्बी म्हणत. आत ७१ वडिलांसाठी सोन्याच्या ७१ खुर्च्या. दालन इतकं मोठं की मागच्यांना आवाज पोचत नसे, म्हणून सेवक मधल्या लाकडी मंचावर उभा राहून कापड हलवायचा आणि मग सगळे ‘आमेन’ म्हणायचे. सोनार, चांदीकाम करणारे, लोहार, विणकर आपापल्या गटानं बसत. परगावचा गरीब कारागीर आला की आपल्या धंद्याची माणसं ओळखून तिथे जायचा, आणि त्याच्या पोटापाण्याची सोय लागायची. सभास्थानातच रोजगाराची चौकशी होते याचं कोणाला वावडं नव्हतं.

ख्रिस्ती लोकांनी चौथ्या शतकापासून रोमन सभागृहाचा आराखडा उचलला आणि खांब बाहेरून आत आणले. बेथलेहेमच्या जन्मस्थानाच्या चर्चमध्ये चार रांगांत ४४ खांब आहेत, इमारत सहाव्या शतकातली आणि खांबांवरची संतांची चित्रं क्रूसयुद्धांच्या काळातली. रोमला बर्निनीनं १६५६ ते १६६७ दरम्यान संत पेत्राच्या चौकाभोवती २८४ खांबांची स्तंभावली उभारली. ती पुन्हा अंगणाभोवतीची, गर्दीसाठीची. हेरोदाच्या आवाराशी तिचं नातं मला बेथलेहेमपेक्षा जवळचं वाटतं.

‘मंडळीचे खांब’ हा शब्दप्रयोग इथूनच आला का?

गलती २:९ मध्ये पौल याकोब, पेत्र आणि योहान यांना ‘आधारस्तंभ मानलेले’ म्हणतो, त्यात थोडा खोचकपणाही आहे. प्रकटीकरण ३:१२ मध्ये फिलदेल्फियाच्या मंडळीला वचन मिळतं की जो विजय मिळवील त्याला माझ्या देवाच्या मंदिरातला स्तंभ करीन आणि तो कधीही बाहेर जाणार नाही. हे शहर इ.स. १७ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं होतं आणि धक्क्यांच्या भीतीनं लोक गावाबाहेर राहत. त्यांना हे वचन कसं ऐकू आलं असेल!

आज यरुशलेमला गेलं तर काय बघायला मिळतं?

उभी देवडी एकही नाही. आवारात आता अल-अक्सा मशीद आणि सोनेरी घुमट आहे. यहुदी किंवा ख्रिस्ती पाहुण्यांना ठरावीक वेळेतच वर जाता येतं. तिथे प्रार्थनेवर निर्बंध आहेत, म्हणून बायबल उघडून मोठ्यानं वाचायला जाऊ नये.

बघण्यासारखं जास्त आहे ते नैऋत्य कोपऱ्याखालच्या पुरातत्त्व उद्यानात. १९६८ पासून बेन्यामिन माझार यांनी तिथे खोदकाम केलं. वरून ढकललेले प्रचंड चिरे पहिल्या शतकातल्या रस्त्याच्या फरशीवर पडले तसेच ठेवले आहेत, फरशी त्यांच्या भारानं खचलेली दिसते. राजस्तंभावलीचे कोरीव तुकडेही याच भागात मिळाले. पश्चिम तटातून पुढे आलेला रॉबिन्सन कमानीचा भाग म्हणजे खालच्या रस्त्यावरून राजस्तंभावलीत चढायच्या जिन्याचा आधार. ‘तुतारी वाजवायच्या जागेकडे’ असा इब्री लेख कोरलेला दगड इथेच सापडला. शब्बाथ सुरू झाल्याची तुतारी छपराच्या याच कोपऱ्यावरून फुंकली जात असावी. त्याची प्रतिकृती जागेवर आहे, मूळ दगड इस्राएल म्युझियममध्ये.

वेळ असेल तर रशियन कंपाउंडमध्येही जा. तिथे खाणीतच तडा गेल्यामुळे टाकून दिलेला सुमारे १२ मीटर लांबीचा खांब खडकाला चिकटलेल्या अवस्थेत पडून आहे. तो हेरोदाच्या मंदिरासाठी होता की नंतरच्या बायझंटाईन चर्चसाठी, यावर वाद आहे. पण २५ हातांचा एकसंध खांब म्हणजे केवढा, हे त्याच्या कडेनं चालत गेल्यावर कळतं. भोवती कठडा आहे, तिकीट नाही.